शाडूच्या गणपतीसाठी साचा कसा करावा: प्लॅस्टरचा, तुकड्यांचा की रबरी?

साचा प्लॅस्टरचा करू की रबराचा, हे नवशिके सगळ्यात आधी विचारतात. खरं तर हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न, मूर्ती साच्यात कुठे अडकणार? दुसरा, साच्यात भरणार काय, शाडू की प्लॅस्टर? ही दोन उत्तरं हातात आली की साचा कशाचा करायचा ते वेगळं ठरवावं लागत नाही.

पुढची सगळी मापं घरच्या पूजेच्या, बसलेल्या ८ इंची शाडूच्या मूर्तीसाठी आहेत. पेण, हमरापूर, जोहे भागातल्या कारखान्यांत याच आकाराच्या मूर्ती मोठ्या संख्येने निघतात. घरी किंवा छोट्या शिबिरासाठी वीस-पंचवीस मूर्ती काढायच्या असतील तरी पद्धत तीच.

अडकणाऱ्या जागा आधी शोधा

मूर्ती टेबलावर ठेवा, चार-पाच फूट मागे जा आणि एक डोळा मिटून समोरून बघा. मग तसंच मागून. या दोन्हींपैकी कुठूनच न दिसणारा प्रत्येक पृष्ठभाग दोन भागांच्या साच्यात अडकणार. कारागीर याला अंडरकट म्हणतात. गणपतीत या जागा ठरलेल्या असतात: सोंड आणि पोट यांच्यामधली पोकळी, कानाच्या पाळीमागची खाच, आशीर्वादाच्या हाताची मागची बाजू, मोदकाच्या हाताखालची जागा, मांडी आणि पाट यांच्यामधली फट.

त्यावरून साच्याचे चार प्रकार पडतात. सपाट पाठीच्या वस्तूंना, म्हणजे प्रभावळ, उठावाचं फूल किंवा भिंतीवरची मूर्ती यांना, एका भागाचा उघडा साचा पुरतो. अडकणारी जागा नसलेल्या भरीव मूर्तीला पुढचा आणि मागचा असे दोन भाग. अडकणाऱ्या जागा मोजक्या असतील तर तुकड्यांचा साचा: प्रत्येक अवघड जागेला प्लॅस्टरचा वेगळा तुकडा आणि सगळे तुकडे धरून ठेवणारं बाहेरचं कवच. आणि दागिने, पितांबराच्या चुण्या, सुटे हात असं सगळंच गुंतागुंतीचं असेल तर लवचिक रबरी साचा.

तुकड्यांचा साचा करणं हे जुन्या हातांचं काम. सात-आठ तुकडे एकमेकांना अर्धा मिलिमीटरही न सोडता बसवायचे तर सवय हवी. पहिल्याच साच्याला त्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा मूर्तीच थोडी बदला. सोंड आणि पोट यांमधली पोकळी मूळ मूर्तीत मातीने बुजवा आणि साच्यातून निघालेल्या प्रत्येक मूर्तीत ती लाकडी कोरणीने कोरून काढा. पाच मिनिटांचं काम आहे. वरचे दोन हात, उंदीर आणि मोदकाचा हात कापून त्यांचे छोटे वेगळे साचे करा आणि मूर्ती ओली असतानाच शाडूच्या घोळाने जोडा. धड मात्र दोन भागांच्या प्लॅस्टरच्या साच्यातच काढा.

शाडूला प्लॅस्टरच का

वाळलेलं प्लॅस्टर पाणी शोषतं. त्यात दाबलेल्या शाडूतलं पाणी साच्याच्या भिंतीत जातं, शाडूची कातडी घट्ट होते, किंचित आकसते आणि मूर्ती आपणहून साच्यापासून सुटते. रबर पाण्याचा थेंबही घेत नाही, त्यामुळे रबरी साच्यातली शाडूची मूर्ती फक्त तळाच्या उघड्या तोंडातून वाळते. घाई करून रबर सोलायला घेतलं तर कान रबराबरोबर निघून येतो. आत प्लॅस्टर ओतलं तर ते वीस-पंचवीस मिनिटांत स्वतःच दगड होतं, शोषणाची गरजच पडत नाही. पीओपीच्या, म्हणजे याच प्लॅस्टरच्या, मूर्तींचं आणि रबरी साच्याचं जे इतकं जमलं, ते यामुळेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपीच्या मूर्तींना मज्जाव केला, तेव्हा अनेक कारखान्यांना नुसती माती नाही तर साचेही बदलावे लागणार होते, हे बाहेरच्यांच्या पटकन लक्षात येत नाही.

आकसण्याचा हिशेब

शाडू वाळताना साधारण ५ ते ८ टक्के आकसतो. नक्की किती ते तुमच्या मातीवर आणि मळताना घातलेल्या पाण्यावर ठरतं. मळलेल्या शाडूची पट्टी लाटा, तिच्यावर बरोबर १० सेंमी अंतरावर दोन रेघा मारा, पट्टी सावलीत पूर्ण वाळवा आणि पुन्हा मोजा. ९.४ सेंमी भरलं तर आकस ६ टक्के. मग ८ इंची मूर्तीसाठी मूळ मूर्ती साडेआठ इंचाची हवी. वाळलेल्या शाडूच्या मूर्तीवरून साचा, त्यातून मूर्ती, तिच्यावरून पुन्हा साचा असं करत गेलात तर दर पिढीला मूर्ती लहान होते आणि नाकीडोळीही बोथट होत जातात. म्हणून पहिल्याच साच्यातून एक प्लॅस्टरची प्रत ओतून घ्या, नीट घासून-कोरून ती मास्टर म्हणून कपाटात ठेवा. पुढचे सगळे साचे तिच्यावरूनच. ही प्रत विसर्जनाची नाही, त्यामुळे ती प्लॅस्टरची असायला हरकत नाही.

दुसऱ्या मूर्तिकाराची विकत आणलेली मूर्ती मास्टर म्हणून वापरू नका. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी या धंद्यात ती चोरीच समजतात.

विभागणीची रेघ

दोन भाग कुठे वेगळे होणार ती रेघ मूर्तीभोवती पेन्सिलने काढायची. मूर्ती उताणी झोपवा. एक पेन्सिल उभी धरून तिची बाजू मूर्तीच्या कडेला टेकवत फिरवा. पेन्सिल जिथे जिथे टेकते तो त्या ठिकाणचा सगळ्यात बाहेरचा फुगवटा. तीच रेघ. मुकुटाच्या टोकावरून ती कानाच्या पाळीच्या कडेने, खांद्यावरून, दंडाच्या बाहेरून, कोपर आणि गुडघा ओलांडून पाटापर्यंत उतरते. ती कुठेही गालावर किंवा सोंडेवर येऊ देऊ नका. जोडाची शिवण तिथे आली की प्रत्येक मूर्तीचा चेहरा नव्याने करावा लागतो.

मास्टर प्लॅस्टरची असेल तर आधी तिची बारीक छिद्रं बंद करायला हवीत. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवा आणि तिचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू देऊन. मूळ मूर्ती ओल्या शाडूची असेल तर याची गरज नाही, ओल्या मातीला प्लॅस्टर चिकटत नाही. ती साचा उघडताना मोडेल, पण तिचं काम तोवर झालेलं असतं.

पहिला भाग

मूर्ती गुळगुळीत फळीवर उताणी ठेवा आणि रेघेपर्यंत साध्या मातीत बुडवा. मूर्तीभोवती मातीची ४ सेंमी रुंद सपाट कड तयार होईल. ही कड मूर्तीला अगदी काटकोनात भेटली पाहिजे. माती मूर्तीवर चढलेली असेल तर तिथे प्लॅस्टरची धार पातळ होते आणि दुसऱ्याच वापरात तुटते. लाकडी कोरणीने हा कोपरा स्वच्छ करण्यात अर्धा तास गेला तरी चालेल. साऱ्या साच्यात वेळ काढावा असं काम हेच.

कडेवर चार ठिकाणी चमच्याच्या मागच्या बाजूने गोल खळगे करा. दुसऱ्या भागात त्यांत उंचवटे बसतील आणि साचा दर वेळी एकाच जागी जुळेल. मग लॅमिनेटच्या चार फळ्या उभ्या करा. पाटाची बाजू एका फळीला भिडवा, म्हणजे तळ उघडा राहील. बाकी तीन बाजूंना मूर्तीपासून ४ सेंमी अंतर ठेवा. उंची मूर्तीच्या सगळ्यात वरच्या भागापेक्षा साडेतीन सेंमी जास्त. फळ्यांचे सांधे बाहेरून मातीने बंद करा, नाहीतर प्लॅस्टर जमिनीवर.

सगळ्या उघड्या भागांवर साबण लावायचा. धुण्याच्या साध्या साबणाचा कीस गरम पाण्यात विरघळवून मऊ लगदा करा, ब्रशने लावा, पाच मिनिटांनी फेस टिपून घ्या. असं तीन वेळा. शेवटी तेलाचं बोट पुसटसं फिरवा. फेस राहिला तर साच्यात बुडबुडे येतात, तेल जास्त झालं तर डाग आणि खड्डे. ओल्या मातीच्या मूळ मूर्तीला साबण-तेल नको, फळ्यांना तेवढं लावा.

प्लॅस्टर: किती आणि कसं

वजनाने १०० भाग प्लॅस्टरला ७० भाग पाणी. पाणी कमी केलं तर साचा कडक होतो पण कमी शोषतो, जास्त केलं तर शोषतो पण लवकर झिजतो. १ किलो प्लॅस्टर आणि ७०० मिली पाणी मिळून साधारण १.१ लिटर घोळ होतो.

आपल्या मूर्तीसाठी डबा आतून साडेपंचवीस सेंमी लांब, २३ सेंमी रुंद आणि साडेआठ सेंमी उंच धरू. घनफळ जवळजवळ ५ लिटर. त्यात अर्ध्या मूर्तीची जागा पाऊण लिटरच्या आसपास. उरले सव्वाचार लिटर. म्हणजे एका भागाला ४ किलो प्लॅस्टर आणि २ लिटर ८०० मिली पाणी. अंदाजाने कालवून मध्येच कमी पडलं तर दुसरा घोळ पहिल्याशी एकजीव होत नाही, थराची रेघ राहते आणि साचा पुढे तिथेच फुटतो.

बादलीत आधी पाणी, मग प्लॅस्टर. उलट केलं की तळाला गुठळ्या. चाळलेलं प्लॅस्टर मुठीने भुरभुरवत टाका, एक-दोन मिनिटं हात न लावता भिजू द्या, मग हात तळाशी ठेवूनच दोन मिनिटं ढवळा. हात वर-खाली केला की हवा शिरते. बादली जमिनीवर आपटून बुडबुडे वर आणा आणि ते काढून टाका.

पहिला पातळ थर मऊ ब्रशने चेहरा, डोळे, मुकुट आणि बोटांवर लावून त्यावर फुंकर मारा. बाकीचा घोळ डब्याच्या कोपऱ्यातून हळूहळू ओता, थेट मूर्तीवर नाही. घोळ दाटू लागल्यावर त्यात पाणी घालू नका. तो पातळ दिसेल, पण कधीच नीट कडक होणार नाही. बादलीत मागच्या वेळचे कडक कण राहिले असतील तर नवा घोळ भराभर आवळतो, म्हणून बादली दर वेळी घासून घ्या. पावसाळाभर उघडं राहिलेलं पोतं साच्यासाठी वापरू नका.

प्लॅस्टर घट्ट होताना तापतं, मोठा गोळा ६० अंशांपर्यंतही जातो. मुलांना हाताचा ठसा म्हणून बादलीत हात घालू देऊ नका, गंभीरपणे भाजल्याच्या घटना झालेल्या आहेत. आणि उरलेला घोळ मोरीत ओतला तर प्लंबरला बोलवावं लागेल.

दुसरा भाग

तासाभराने प्लॅस्टर तापून गार झालं की फळ्या काढा, सगळं पालथं करा आणि माती काढून टाका. मूर्ती पहिल्या भागातच राहू द्या. आता प्लॅस्टरच्या कडेला तीन वेळा साबण आणि तेलाचं बोट. नवशिक्यांचे साचे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथे: एखादी बोटभर जागा कोरडी राहते आणि दोन्ही भाग कायमचे एक होतात. उजेडाकडे तिरपं धरून बघा, साबण लागलेली जागा चमकते.

पुन्हा फळ्या, पुन्हा तेवढाच घोळ. दोन तासांनी सांध्यावर पाण्याची धार सोडा आणि लाकडी पाचर चारही बाजूंनी थोडी थोडी ठोका. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं की कड तुटते.

वाळवणं

प्लॅस्टर घट्ट होताना आपल्या वजनाच्या साधारण १८.६ टक्के पाणी स्वतःत बांधून घेतं. ४ किलोला पाऊण लिटर. आपण घातलं २.८ लिटर. म्हणजे एका भागातून जवळजवळ दोन लिटर पाणी उडून जायचं आहे. ओला भाग पावणेसात-सात किलो भरतो, पूर्ण वाळला की पावणेपाचच्या आसपास. साच्यावर पेन्सिलने रोजचं वजन लिहा. सलग दोन दिवस आकडा हलला नाही की साचा तयार. हाताला कोरडा लागतो यावर जाऊ नका, आतला भाग ओला असतो.

दोन्ही भाग एकमेकांना बांधूनच वाळवा म्हणजे वाकणार नाहीत. उन्हाळ्याच्या हवेत सहा-आठ दिवस पुरतात. पावसात पंखा लावूनही दोन-तीन आठवडे जातात. ओव्हनमध्ये किंवा चुलीजवळ घाई नको, ५० अंशांच्या वर प्लॅस्टरमधलं बांधलेलं पाणी सुटायला लागतं आणि साचा भुसभुशीत होतो. सरळ हिशेब असा की साचा मे संपायच्या आत वाळून तयार हवा. श्रावणात ओतलेला साचा त्या वर्षीच्या चतुर्थीला उपयोगी पडेलच असं नाही.

शाडू भरणं

शाडू कणकेपेक्षा थोडा घट्ट मळा. चिरा टाळायला त्यात कापूस पिंजून किंवा भिजवून कुटलेला कागदाचा लगदा मिसळतात. मुठीत दाबल्यावर कडांना भेगा दिसल्या तर पाणी कमी, बोटांना चिकटला तर जास्त.

सुरुवात चेहऱ्यापासून. सोंडेत बसेल एवढी वळी एकाच तुकड्याची घ्या, आधी टोकाला, मग वरपर्यंत अंगठ्याने दाबत या. छोटे छोटे तुकडे जोडत गेलात तर मूर्ती बाहेर आल्यावर प्रत्येक जोड सुरकुतीसारखा दिसतो. त्यानंतर सव्वा सेंमी जाडीच्या चपात्या पोट, मांड्या आणि पाठ भरून दाबा, मधून कडेकडे. जाडी सगळीकडे सारखी हवी. पोटात गोळा आणि मानेत पापुद्रा असेल तर वाळताना मान तडकते.

कडेवर शाडू ३-४ मिलिमीटर वर ठेवा, त्यावर सुरीने आडव्या-उभ्या रेघा मारा, पातळ घोळ लावा आणि दोन्ही भाग मिटा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधा. उघड्या तळातून हात घालून आतला सांधा वळीने बुजवा. तळ पूर्ण बंद करायचा असेल तर बोट जाईल एवढं भोक ठेवाच.

अर्धा ते पाऊण तास. मग पाठीचा भाग आधी सरळ वर उचला. अडत असेल तर ओढू नका, आणखी दहा मिनिटं थांबा. पण तास-दीड तास विसरून जाल तर उलटी पंचाईत: शाडू आतल्या आत आकसतो, साचा त्याला आकसू देत नाही आणि मूर्ती मानेला किंवा मनगटाला चिरते. दिवसाला तीन-चार मूर्तींनंतर साचा ओला होऊन शोषणं थांबवतो, मग त्याला रात्रभर पंख्याखाली विश्रांती. पन्नास ते शंभर मूर्तींत डोळ्यांच्या कडा आणि बोटं पुसट व्हायला लागतात. तेव्हा मास्टर काढा.

रबरी साचा करायचाच असेल तर

नक्षीदार मुकुट किंवा कानातले डूल असतील तर रबराला पर्याय नसतो. अमोनिया घातलेलं नैसर्गिक लॅटेक्स, म्हणजे रबराचा पातळ चीक, घ्या. उघड्या हवेत काम करा, अमोनिया डोळ्यांना झोंबतो. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर पहिल्याच हातात त्याचे केस एकत्र चिकटतात. तांब्या-पितळेची वस्तू लॅटेक्सजवळ आणू नका, तांब्याने रबर कुजतं.

पहिला हात पातळ, बुडबुडे फुंकून फोडत. पांढरा रंग जाऊन पिवळसर, अर्धपारदर्शक झाला की तो वाळला, दोन ते चार तास. मग दुसरा. तळाला चार-पाच सेंमीची झालर पसरवत न्या. तिसऱ्या-चौथ्या हातानंतर मलमलीचे इंचभर तुकडे लॅटेक्समध्ये बुडवून लावा. दहा-बारा हातांत दोन-तीन मिलिमीटर जाडी येते. एकावर एक ओले थर दिले तर आतला थर पांढराच राहतो आणि साचा तिथे फाटतो.

रबराला स्वतःचा आकार धरून ठेवता येत नाही, म्हणून त्यावर वर सांगितल्याप्रमाणेच दोन भागांचं प्लॅस्टरचं कवच ओता. त्याशिवाय शाडू दाबताना गणपतीचे गाल फुगतात. कवच उघडल्यावर रबरावर संगजिऱ्याची पूड चोळा आणि मोजा उलटा करावा तसं ते सोला. पूड नसेल तर रबर रबराला चिकटतं. तेल, व्हॅसलिन, रॉकेल यांतलं काहीही लॅटेक्सला लावायचं नाही, ते फुगून चिकट होतं. आत शाडू भरताना तो थोडा जास्त घट्ट मळा, आधी साच्यात पूड भुरभुरवा, कवच दोन-तीन तासांनी काढलं तरी रबर दुसऱ्या दिवशी सोला.

सिलिकॉन महाग, पण चेहऱ्यापुरता किंवा दागिन्यांपुरता छोटा साचा करायला उत्तम. दोन द्रवांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते थेंबांनी नव्हे, वजनकाट्यावर मोजा. प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधक असलेल्या प्लॅस्टिसिनवर (न वाळणाऱ्या तेलकट मातीवर) किंवा लॅटेक्सवर ओतलं तर चिकटच राहतं. मूळ वस्तू प्लॅस्टिसिनची असेल तर आधी कोपऱ्यावर चमचाभर ओतून बघा.

हंगाम संपल्यावर प्लॅस्टरचे साचे ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, बांधून फळीवर ठेवा, जमिनीवर नाही. लॅटेक्स पूड लावून कवचात बसवून अंधारात ठेवायचं. खिडकीशेजारच्या उन्हात दोन-तीन महिने पडलेलं रबर पुढच्या हंगामात हाताला चिकटतं, आणि मग ते दुरुस्त होत नाही.